पहिला पगार द्यायचाय, स्टेटकडे नक्की कुठे कुठे रजिस्टर करायचं?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. सेंट्रल जर्सीत माझं कपडे अल्टर करायचं छोटं दुकान आहे, गेल्या वर्षी एका वयस्कर बाईंकडून चालू दुकान विकत घेतलं, सिंगल मेंबर एलएलसी (एकाच मालकाची कंपनी) आहे आणि आत्तापर्यंत मी एकटीच मशीनवर बसत होते. आता लग्नाच्या गाऊन्सचं काम एवढं वाढलंय की रात्री अकरापर्यंत हेमच घालत असते, म्हणून दोन जणींना कामावर घेतेय. एक पेनसिल्व्हेनियात राहते, नदी ओलांडून रोज दुकानात येणार. दुसरी माझी जुनी मैत्रीण, डॅलसजवळ असते, ती तिच्या घरूनच अपॉइंटमेंट आणि वेबसाइट बघणार, आठवड्याला १० तास.

ईआयएन (धंद्याचा फेडरल टॅक्स नंबर) आहे माझ्याकडे. दुकान घेतलं तेव्हा न्यू जर्सीत बिझनेस रजिस्ट्रेशनही केलं होतं पण एम्प्लॉयी आहेत का या प्रश्नाला तेव्हा 'नाही' लिहिलं होतं.

काल रात्री पेरोलचं सॉफ्टवेअर घेतलं, सगळं भरत गेले आणि एका पानावर अडकले. स्टेट विदहोल्डिंग (पगारातून कापलेल्या टॅक्सचा) अकाउंट नंबर, अनएम्प्लॉयमेंट अकाउंट नंबर, अनएम्प्लॉयमेंट रेट आणि डिपॉझिट फ्रीक्वेन्सी, चारही रकाने माझ्याकडे रिकामे, आणि खाली 'नंतर भरा' असं बटण. ते दाबून पुढे जाऊ का? पहिला पगार पुढच्या शुक्रवारी आहे. आणि तीन राज्यं म्हणजे तिन्हीकडे रजिस्टर करायचं का? माझी बहीण म्हणते दोघींना १०९९ दे, म्हणजे एम्प्लॉयी न धरता कंत्राटी धर, सगळा प्रश्नच मिटतो. खरंच मिटतो का?

आकडेमोड

ताई, बटण दाबू नका आणि १०९९ चा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, त्यावर खाली लिहिते. मी इथे छोट्या धंद्यांचं बुककीपिंग करते आणि दर वर्षी दोन-तीन जण तरी याच पानावर अडकून माझ्याकडे येतात.

आधी एक गोष्ट पक्की करा. स्टेट रजिस्ट्रेशन म्हणजे दोन वेगळी खाती. एक पगारातून कापलेल्या स्टेट इन्कम टॅक्सचं, दुसरं अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्सचं. काही राज्यांत दोन्हीसाठी एकच अर्ज असतो, काही ठिकाणी दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळे लॉगिन. न्यू जर्सीत एनजे-आरईजी हा एकच फॉर्म आहे, पण तुमचं रजिस्ट्रेशन आधीच झालंय तर नवीन भरायचा नाही, आहे त्या रजिस्ट्रेशनमधली माहिती बदलायची आणि पहिला पगार कोणत्या तारखेला देणार ते लिहायचं. एका वर्षात १००० डॉलर पगार दिलात की न्यू जर्सीत तुम्ही अनएम्प्लॉयमेंटसाठी एम्प्लॉयर ठरता, म्हणजे तुमच्या केसमध्ये पहिल्या महिन्यातच.

आता कोणाचा टॅक्स कुठे. अनएम्प्लॉयमेंटसाठी माणूस कुठे राहतो ते आधी बघत नाहीत, काम कुठे करतो ते बघतात. काम एकाच राज्यात होत असेल तर तिथे, गोष्ट संपली. काम दोन-तीन राज्यांत विखुरलेलं असेल तर मग कामाचा तळ कुठे, तेही नाही जमलं तर सूचना कुठून येतात, आणि सगळ्यात शेवटी घर कुठे, या क्रमाने ठरतं. तुमची पेनसिल्व्हेनियावाली मशीनवर बसणार न्यू जर्सीत, म्हणजे तिचं अनएम्प्लॉयमेंट न्यू जर्सीला. डॅलसवाली टेक्ससमध्ये बसून काम करणार, म्हणजे तिचं टेक्ससला, तुमचं दुकान कुठे का असेना.

इन्कम टॅक्सचं मात्र वेगळं आहे आणि लोक नेमके इथे घसरतात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियामध्ये करार आहे, तिकडे राहून इकडे काम करणाऱ्याच्या पगारावर इन्कम टॅक्स तिकडेच लागतो. तिच्याकडून एनजे-१६५ फॉर्म सही करून घ्या आणि तुमच्या फाइलला लावा, मग न्यू जर्सीचा इन्कम टॅक्स कापायचा नाही. फॉर्म नसेल तर कापावा लागतो. पेनसिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के कापायची सक्ती तुमच्यावर नाही कारण तुमचा तिकडे काही धंदा नाही, पण तिच्यासाठी कापायचा ठरवलात तर तिकडे विदहोल्डिंगचं खातं उघडावं लागेल. नाही कापलात तर तिला आधीच स्पष्ट सांगा की तिने स्वतः दर तिमाहीला एस्टिमेटेड टॅक्स भरायचाय, शिवाय तिच्या गावाचा लोकल टॅक्स असेल तो वेगळा. हे न सांगता राहिलं तर पुढच्या एप्रिलमध्ये तिला एकदम मोठा आकडा दिसतो, आणि ती बिचारी तुम्हालाच विचारणार. आणि लक्षात ठेवा, एनजे-१६५ ने फक्त इन्कम टॅक्स सुटतो. न्यू जर्सीचं अनएम्प्लॉयमेंट, डिसॅबिलिटी, फॅमिली लीव्ह हे तिच्या पगारातून कापायचंच.

पार्सिपनीकर

ते 'नंतर भरा' बटण मी दाबलं होतं, म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल.

बायकोचं दोन खुर्च्यांचं डेंटल क्लिनिक आहे आणि ऑफिसचं सगळं मी बघतो. पहिली रिसेप्शनिस्ट घेतली तेव्हा मीही असंच सॉफ्टवेअर घेतलं, नंबर नव्हते, म्हटलं आठवड्यात टाकू. पगार व्यवस्थित जात राहिले, पेस्लिप छान यायची, त्यावर न्यू जर्सी यूआय (अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स), डिसॅबिलिटी सगळं कापलेलं दिसायचं, त्यामुळे मी धरूनच चाललो की कापलंय म्हणजे भरलंय. स्क्रीनच्या वर एक बारीक पिवळी पट्टी असायची, खाते क्रमांक बाकी आहे अशी, ती रोज बघून बघून दिसेनाशी झाली. प्रत्यक्षात स्टेटला एक डॉलर गेला नव्हता, रिपोर्टही गेला नव्हता, कापलेले पैसे आमच्याच चेकिंग अकाउंटमध्ये बसून होते आणि मी ते आमचेच समजून त्यातून भाडं भरत होतो.

आठ-नऊ महिन्यांनी पेशंट कमी झाले आणि तिला काढावं लागलं. तिने बेरोजगारी भत्त्याचा अर्ज केला आणि स्टेटच्या रेकॉर्डमध्ये आमच्याकडचा तिचा पगारच नाही. तिने पेस्लिपा नीट जपून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या पाठवल्या, तरी चौकशी होऊन पैसे सुरू व्हायला कितीतरी आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत तिचं भाडं थांबलं नव्हतं. तिने मला फोन केला तेव्हा आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "माझ्या पगारातून कापलेले पैसे गेले कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. पेनल्टीपेक्षा तो फोन मला आजही जास्त आठवतो.

त्यानंतर स्टेटचं पत्र आलं, त्यांनी अंदाजाने आकारणी केली होती. निस्तरलं ते असं, पहिल्या पगाराची खरी तारीख लिहून मागच्या तारखेपासून रजिस्ट्रेशन, राहिलेल्या प्रत्येक क्वार्टरचा रिपोर्ट एकेक करून, पैसे आणि व्याज, आणि सोबत पत्र की चूक कशी झाली आणि आता काय बदललंय. तारीख अलीकडची लिहून सुटावं असा मोह होतो, अजिबात करू नका, तिच्या पेस्लिपा आणि तुमचा डब्ल्यू-२ (वर्षअखेरीला एम्प्लॉयीला देतात तो पगाराचा फॉर्म) दोन्ही खरी तारीख सांगतात.

ताई, सॉफ्टवेअर पगार मोजतं आणि नंबर मिळाले तरच फाइल करतं. तुमच्या वतीने रजिस्टर करण्याची सोय काही जण पैसे घेऊन देतात, पण ती वेगळी मागावी लागते. आणि नंबर टाकल्यावर त्यांना तुमच्या वतीने फाइल करायची परवानगी देण्याचं एक अधिकारपत्र असतं, तेही सही करून परत पाठवलंय ना ते बघा. आमचं दुसऱ्यांदा तिथेच अडकलं होतं.

डॅलसकर

टेक्ससपुरतं सांगतो. इथे स्टेट इन्कम टॅक्स नाही त्यामुळे विदहोल्डिंगचं खातंच नाही, मैत्रिणीकडून फक्त फेडरल डब्ल्यू-४ (किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) घ्या. अनएम्प्लॉयमेंटसाठी टेक्सस वर्कफोर्स कमिशनकडे ऑनलाइन रजिस्टर करायचं, एम्प्लॉयर ठरल्यापासून १० दिवसांच्या आत. एका क्वार्टरमध्ये १५०० डॉलर पगार किंवा वर्षात २० आठवडे एक माणूस कामावर, यातलं काहीही झालं की लागू. आठवड्याला १० तास म्हणजे पहिल्याच पूर्ण क्वार्टरला तुम्ही बहुधा त्यात बसाल.

टॅक्स पहिल्या ९००० डॉलरवर, नव्या एम्प्लॉयरला २.७ टक्के किंवा तुमच्या व्यवसायाचा सरासरी रेट, जो जास्त असेल तो. २.७ धरला तर तिच्यामागे वर्षाला २४३ डॉलर, त्याच्यावर नाही. आणि इथे हे पूर्ण तुमच्या खिशातून, तिच्या पगारातून कापायचं नाही. एम्प्लॉयीकडूनही अनएम्प्लॉयमेंटचा वाटा घेणारी राज्यं तीनच, अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया. तुमच्या सॉफ्टवेअरने तिचं कामाचं ठिकाण चुकून न्यू जर्सी धरलं तर तिच्या पगारातून फुकट कापलं जाईल, त्यामुळे प्रोफाइलमध्ये घरचा पत्ता आणि कामाचा पत्ता दोन्ही टेक्ससचे आहेत ना ते पहिल्या पगाराआधी बघा.

अजून एक, इथे एम्प्लॉयी बसला म्हणजे तुमच्या एलएलसीचा टेक्ससशी संबंध आला, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे परराज्यातली कंपनी म्हणून नोंदणी लागते का आणि फ्रँचायझी टॅक्सचं (टेक्ससचा धंद्यावरचा टॅक्स) काय हे सीपीएला (अकाउंटंटला) विचारून घ्या. फ्रँचायझी टॅक्स तुमच्या आकाराच्या धंद्याला लागणार नाही, २०२४ आणि २०२५ च्या रिपोर्टसाठी मर्यादा २४ लाख ७० हजार डॉलर रेव्हेन्यूची होती.

सुईदोरा

पार्सिपनीकर दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, बटण नाही दाबलं. दोन प्रश्न उरलेत. न्यू जर्सीचा रेट माझा किती असणार आणि तो कुठून कळणार? आणि १०९९ का नाही, दुकानात येणारी बाई स्वतःची कात्री घेऊन येते, वेळही आम्ही दोघी मिळून ठरवतो.

आकडेमोड

१०९९ आधी. न्यू जर्सीत तीन कसोट्या आहेत आणि तिन्हीत पास व्हावं लागतं. काम कसं करायचं यावर तुमचं नियंत्रण नको, काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं किंवा तुमच्या जागेबाहेर होणारं हवं, आणि तिचा स्वतःचा चालू धंदा हवा जो तुमचं काम बंद झालं तरी चालेल. अल्टरेशनच्या दुकानात बसून अल्टरेशन करणारी बाई दुसऱ्या कसोटीतच पडते, कात्री कोणाची याने काही फरक पडत नाही. डॅलसवालीसाठी टेक्ससचे निकष वेगळे आहेत, पण ती तुमच्या वेळेनुसार, तुमच्या ग्राहकांशी, तुमच्या नावाने बोलणार, मी तरी तिला डब्ल्यू-२ वरच ठेवेन. आणि उद्या काम सुटलं तर दोघींना भत्त्याचा हक्क आहे, तो आपण आपल्या सोयीसाठी काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता रेट. नव्या एम्प्लॉयरला न्यू जर्सीत अनएम्प्लॉयमेंट आणि वर्कफोर्स फंड मिळून २.८ टक्के, वर डिसॅबिलिटीचा ०.५, म्हणजे ३.३. हे २०२५ साली पहिल्या ४३,३०० डॉलरवर होतं. दुकानातल्या बाईला वर्षाला ३६,००० देणार असाल तर तुमचे ११८८ डॉलर. तिच्या पगारातून अनएम्प्लॉयमेंट आणि वर्कफोर्सचे ०.४२५ टक्के कापायचे, डिसॅबिलिटी आणि फॅमिली लीव्ह वेगळे. टेक्ससचे ९००० आणि इथले ४३,३०० बघा, राज्याराज्यात एवढा फरक आहे. पुढे तुमचा रेट बदलतो, तुमच्याकडून गेलेल्या लोकांनी किती भत्ता घेतला त्यावर. इथे नवा रेट १ जुलैपासून लागतो, त्याची नोटीस येते, ती आली की सॉफ्टवेअरमध्ये रेट हाताने बदलायचा. ही नोटीस जाहिरात समजून टाकून देणारे कितीतरी लोक बघितलेत मी.

फेडरल वेगळं. फूटा, म्हणजे फेडरल अनएम्प्लॉयमेंट टॅक्स, ६ टक्के आहे, पहिल्या ७००० डॉलरवर, पण स्टेटचा टॅक्स वेळेवर भरलात तर ५.४ ची सूट मिळते आणि उरतात ०.६, म्हणजे माणशी ४२ डॉलर. हे असं का, तर विस्कॉन्सिनने १९३२ ला पहिला बेरोजगारी विम्याचा कायदा केला पण बाकीची राज्यं धजत नव्हती, प्रत्येकाला भीती की आपण टॅक्स लावला तर धंदे शेजारच्या राज्यात जातील, म्हणून १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात फेडरल टॅक्स सगळीकडेच लावला आणि राज्याने स्वतःची योजना केली तर तिथल्या धंद्यांना त्यात सूट दिली. ती व्यवस्था आजही तशीच आहे आणि म्हणून स्टेटचं रजिस्ट्रेशन राहिलं की मार दोन्हीकडून बसतो. फॉर्म ९४० च्या (फूटाचा वार्षिक रिपोर्ट) मुदतीनंतर स्टेटला भरलेल्या रकमेवर सूट ९० टक्केच धरतात, आणि भरलंच नाही तर ४२ चे ४२० होतात. तुमची दोन राज्यं आहेत म्हणून ९४० सोबत शेड्यूल ए पण लागेल.

तारखांमध्ये एक बारकी गोम. फेडरल ९४१ ची (पगाराच्या टॅक्सचा तिमाही रिपोर्ट) मुदत महिनाअखेरीची आहे, ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. न्यू जर्सीचे एनजे-९२७ आणि डब्ल्यूआर-३० हे तिमाही रिपोर्ट मात्र ३० तारखेला. जुलैत दोन्ही ३१ ला धरून बसलेली माणसं एका दिवसाने लेट होतात. आणि एखाद्या क्वार्टरला कोणालाच पगार दिला नाही तरी शून्याचा रिपोर्ट पाठवायचा, नाहीतर ते अंदाजाने आकारतात.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. दुकान विकत घेतलंय म्हणालात. त्या बाईंकडे एम्प्लॉयी होते का? चालू धंदा घेतला तर आधीच्या मालकाचा अनएम्प्लॉयमेंटचा इतिहास तुमच्या खात्याला चिकटू शकतो, चांगला असो की वाईट, आणि मग २.८ चा नव्या एम्प्लॉयरचा रेट मिळेलच असं नाही. रजिस्ट्रेशनमध्ये धंदा कोणाकडून घेतला हा प्रश्न येतो, तिथे खरं लिहा. आणि घेताना बल्क सेलची (चालू धंदा विकला जातोय याची) सूचना, सी-९६०० फॉर्म, व्यवहाराच्या किमान १० कामकाजाचे दिवस आधी स्टेटला दिली होती का? नसेल तर त्यांचे थकलेले टॅक्स तुमच्यावर येऊ शकतात. वकिलाला आजच विचारा.

बे एरिया आई

कॅलिफोर्नियावाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, माझं घरगुती डेकेअर आहे. इथे सगळं ईडीडी या स्टेटच्या ऑफिसकडे, इन्कम टॅक्स आणि अनएम्प्लॉयमेंट एकाच खात्यात, आणि मर्यादा फार कमी आहे, क्वार्टरमध्ये १०० डॉलरच्या वर पगार दिला की १५ दिवसांत रजिस्टर करायचं. मी पहिल्या मदतनीस बाईला ट्रायल म्हणून चार दिवस ठेवलं होतं, मला वाटलं ट्रायल मोजत नाहीत. मोजतात.

नव्या एम्प्लॉयरला ३.४ टक्के, पहिल्या ७००० वर. पण फूटाची ती ४२ डॉलरची गोष्ट आमच्याकडे सध्या लागू नाही, राज्याने कोविडमध्ये फेडरलकडून घेतलेलं कर्ज फिटलेलं नाही म्हणून आमची सूट दर वर्षी ०.३ ने कमी होतेय, २०२२ ला ०.३, २०२३ ला ०.६, २०२४ ला ०.९. म्हणजे २०२४ साठी माणशी १०५ डॉलर गेले. वेळेवर भरूनही. जानेवारीत ही रक्कम एकदम येते त्यामुळे आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि ताई, वर्कर्स कॉम्प (कामावर इजा झाली तर त्याचा विमा) विसरू नका. टेक्ससमध्ये खासगी एम्प्लॉयरला ऐच्छिक आहे पण न्यू जर्सीत एक माणूस असला तरी लागतो, माझी बहीण तिकडे आहे म्हणून माहितीये. तो टॅक्स नाही, पॉलिसी आहे, त्यामुळे पेरोलच्या या सगळ्या भानगडीत कोणीच आठवण करून देत नाही. तुमच्याकडे तर गरम इस्त्र्या आणि सुया.

पार्सिपनीकर

वर्कर्स कॉम्पचं बरोबर. आणि रजिस्ट्रेशन झालं की तुमचा पत्ता सार्वजनिक होतो आणि सरकारी वाटणारी पाकिटं यायला लागतात, ठळक अक्षरात 'अंतिम सूचना', पोस्टर लावायचे पैसे पाठवा, सर्टिफिकेटचे पैसे पाठवा. पाठवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात खाली बघा. ईआयएनलाही पैसे लागत नाहीत, स्टेटच्या एम्प्लॉयर रजिस्ट्रेशनलाही नाही.

सुईदोरा

अपडेट देते. वकिलांनी बल्क सेलची सूचना दिली होती, तेव्हाच्या फाइलमध्ये स्टेटचं उत्तर पण मिळालं, जीव भांड्यात पडला. दुकान विकणाऱ्या बाईंना फोन केला, त्यांच्याकडे शेवटी शेवटी एक मदतनीस होती, त्यांनी चष्मा लावून जुन्या फाइलमधून त्यांचा नंबर आणि रेट वाचून दाखवला, तो मी रजिस्ट्रेशनमध्ये आधीचा मालक म्हणून लिहिलाय. माझा रेट काय लागतो ते नोटीस आली की कळेल.

न्यू जर्सीचा नंबर म्हणजे आपलाच ईआयएन आणि पुढे तीन अंकी शेपूट, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर अर्धा तास वाचला असता, मी दुसरं काहीतरी पत्र शोधत बसले होते. एनजे-१६५ सही करून फाइलला लावला. तिला पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स मी कापावा असं वाटतंय कारण तिमाही भरणं तिला जमणार नाही म्हणते, त्यामुळे तिकडेही खातं उघडतेय.

टेक्ससचा अर्ज केलाय, नंबर अजून सॉफ्टवेअरमध्ये टाकायचाय. पहिला पगार शुक्रवारी दोघींनाही जाणार, तो थांबवणार नाही. बँकेत वेगळं सेव्हिंग्ज उघडलंय आणि दर पगाराला कापलेले आणि माझे मिळून सगळे टॅक्सचे पैसे त्याच दिवशी तिकडे टाकणार, भाड्याच्या खात्यात राहूच द्यायचे नाहीत.

आकडेमोड ताई, डॅलसवालीचा पगार या क्वार्टरला फक्त तीन आठवड्यांचा होईल, १५०० च्या आत. तरी टेक्ससला रिपोर्ट पाठवायचा ना?

आकडेमोड

हो, पाठवायचा. खातं उघडलंय, पगार दिलाय, रिपोर्ट जातो. नंबर आला की सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि मग ती पिवळी पट्टी गेली का ते स्वतः डोळ्यांनी बघा.